शून्य फेऱ्या

"मॅडम, तुमच्या मुंग्यांनी एक काम मात्र झकास केलं बघा," बिराजदार साहेब भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवत म्हणाले. "बायकांचा संडास पार टोकाला नेऊन टाकला. आमच्या डोक्यात हे आलं नसतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मुंग्यांनी नाही नेला, साहेब. आकड्यांनी नेला. तिथे फेऱ्याच शून्य आहेत."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे तो बांधला त्या दिवसापासून एकही बाई तिथे गेलेली नाही."

"मग बरोबरच आहे की ओ. ज्या दुकानाला गिऱ्हाईक नाही ते भर बाजारात कशाला?" ते हसले. "सवय नसती ओ या लोकांना. पांढरी फरशी, आरसा, बेसिन. गाढवाला गुळाची चव काय."

मला ते पटलं नव्हतं. एकही बाई नाही, असं कसं होईल? पण अकरा वाजता पाहुणे यायचे होते आणि माझा प्रोजेक्टर चालू होत नव्हता, त्यामुळे मी ते शून्य तिथेच सोडून वायरीच्या मागे लागले.

सोलापूरच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याला एका ट्रस्टच्या दवाखान्याची मोठी इमारत चालली होती. मी तिथे प्लॅनिंग इंजिनिअर. वय अठ्ठावीस, गाव कोल्हापूर, आणि राग नाकावर. राग अजूनही आहे, पण आता बीपीची गोळी चालू असल्यामुळे तो जरा जपून वापरते. बिराजदार साहेब साइटचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगते, कारण पुढे ऐकल्यावर तुम्हाला तसं वाटेल. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली की पहिला तुकडा शिपायाला द्यायचे. एखाद्याचा बाप आजारी पडला तर स्वतःची गाडी काढायचे. फक्त साहेब लोक येणार म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. मग झाडांना चुना, दगडांना गेरू आणि माणसांना धुतलेले कपडे.

आणि त्या दिवशीचे पाहुणे मुंग्या बघायला येणार होते.

मुंगी चालताना मागे वास सोडत जाते. जवळच्या वाटेवरून जाणं-येणं लवकर होतं, म्हणून तिथला वास दाट होतो आणि बाकीच्या मुंग्याही तिथूनच जायला लागतात. पुण्याच्या टिळेकर सरांनी या युक्तीवर एक प्रोग्राम लिहिला होता. कॉम्प्युटरच्या पोटात हजारो खोट्या मुंग्या सोडायच्या. त्या सिमेंटचं गोडाऊन इथे ठेवून बघतात, सळ्यांचं यार्ड तिथे ठेवून बघतात, क्रेन जरा सरकवून बघतात. ज्या मांडणीत माणसांची पायपीट कमी, तिचा वास वाढत जातो. शेवटी उरेल ती मांडणी भिंतीवर लावायची. आमचा पहिला टप्पा संपत आला होता, दुसऱ्यासाठी सगळी साइट नव्याने मांडायची होती, आणि ती मुंग्यांकडून मांडून घ्यायचं कंपनीच्या मालकांनी ठरवलं होतं.

मुंग्या खोट्या असल्या तरी फेऱ्या खऱ्या लागतात. म्हणून प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये टिकलीच्या पाकिटाएवढी एक चकती चिकटवली होती आणि साइटभर खांबांवर डबे लावले होते. कोणती टोपी कुठून कुठे गेली ते डब्यांना कळायचं. यादीत नाव असलेली ठिकाणं तेवढी प्रोग्राम ओळखायचा: गोडाऊन, यार्ड, मिक्सर, पाण्याची टाकी, संडास, ऑफिस. ज्या वाटेच्या टोकाला यादीतलं काहीच नाही, ती वाट तो 'भटकंती' म्हणून बाजूला काढायचा. कुणी बिडी ओढायला गेलं, कुणी फोनवर बोलत फिरलं. टिळेकर सर म्हणायचे, भटकंती मोजायला गेलात तर मुंग्यांना वेड लागेल.

प्रोजेक्टर चालू झाला आणि तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. "हो सर. काही अडचण नाही सर. उद्या तर उद्या." फोन ठेवून ते खुर्चीत बसले. "पुन्हा पुढं ढकललं. उद्या दहाला. कितवी वेळ ही?"

"मी मोजायचं सोडून दिलंय," मी म्हणाले.

त्याच वेळी दारात मल्लव्वा येऊन उभी राहिली.

मल्लव्वा म्हणजे घमेली वाहणाऱ्या बायकांची म्होरकी. अक्कलकोटकडची. साठीच्या आसपासची असेल. आवाज असा की चौथ्या मजल्यावरचा माणूस खाली बघायचा. त्या दिवशी मात्र ती आत यायलाही तयार नव्हती. उजवा हात कमरेला, जिथे तिची तंबाखूची चंची खोचलेली असायची तिथे, घट्ट धरलेला.

"साहेब, रेणुका न्हाई," ती म्हणाली.

"कोण रेणुका?"

"माजी सून. सकाळी संगंच कामाला आली. घमेलं ठिवून गेली ती परत आलीच न्हाई."

तिच्या मागून मुकादम काशिनाथ पुढे सरकला. "साहेब, मी सांगतो. ते फरशीवालं राजस्थानी पोरगं आहे ना, ते पण आज आलेलं नाही. काल दोघं नळावर हसत बोलत होते. आता तुम्हीच काय ते समजा."

"जीभ झडंल तुजी," मल्लव्वा म्हणाली. पण आवाज चढला नाही.

रेणुकाचा नवरा सिद्राम बाहेर उन्हात उभा होता. अंगाने दांडगा, पण मान खाली. साहेबांनी त्याला विचारलं, "काय रे, भांडण झालं होतं का घरात?"

"न्हाई."

"मग?"

"गेली असंल," सिद्राम जमिनीकडे बघत म्हणाला.

मल्लव्वाने वळून पोटच्या पोराकडे बघितलं. मी ती नजर विसरलेले नाही. मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कुणीतरी नळावरचं काहीतरी सांगतं आणि हा बायकोला सोडून मोकळा होतो.

"पोलीसबिलीस आज नको," साहेब म्हणाले. "उद्या पाहुणे येऊन जाऊ देत. संध्याकाळपर्यंत येती की परत, कुठं जातीय. काशिनाथ, माणसं कामाला लाव."

सगळे पांगले. मल्लव्वा दारातच. मी वायरी गुंडाळत होते.

"बाई," ती हळू म्हणाली, "टोपीत काय तरी हाय म्हनत्यात. कोन कुठं गेलं ते तुमच्या पेटीत दिसतंय म्हनं."

"दिसतं."

"मग बगा की. टोपी डोक्यावरच हाय तिच्या. चार म्हैने झालेत, बाई. पोटात हाय तिच्या. अशी पोर कुनासंगं जाईल व्हय?"

मी वायर टाकून खुर्ची ओढली. टोप्या वाटताना नावं मीच घातली होती, त्यामुळे रेणुकाची टोपी सापडायला वेळ लागला नाही. गेटच्या खांबाने तिला सकाळी आत येताना बघितलं होतं. बाहेर जाताना बघितलं नव्हतं.

"मल्लव्वा, ती साइटच्या बाहेर पडलेलीच नाही."

"म्हनलं न्हवतं मी?" तिचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग तिला त्याचा दुसरा अर्थ कळला असावा. "मग हाय कुठं?"

सळ्यांच्या यार्डामागच्या खांबाने तिला शेवटचं बघितलं होतं, काम सुरू झाल्यावर थोड्याच वेळाने. त्यानंतर एकाही डब्याला तिची टोपी दिसलेली नव्हती. यार्डामागे तर यादीतलं काहीच नव्हतं.

"बाभळीकडं मी बगून आले," मल्लव्वा म्हणाली. "तिथं कायबी न्हाई आता. समदं सपाट केलंय."

"बाभळीकडे कशाला जाईल ती?"

मल्लव्वाने पदर सावरला. हात पुन्हा कमरेशी गेला. मला वाटलं, तंबाखूची तलफ आली असेल आणि माझ्यासमोर संकोचत असेल.

मी भटकंती उघडली. तोपर्यंत ती मी कधी उघडलीच नव्हती. उघडायचं कारणच नव्हतं. रेणुकाची एक बारीक रेघ यार्डाच्या मागे जाऊन तुटलेली दिसली. तेवढ्यावरून काही कळेना. एकटीच गेली की कुणी बरोबर होतं, हे बघावं म्हणून मी साइटवरच्या सगळ्या बायकांच्या टोप्या एकदम निवडल्या.

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

पडद्यावर एक वाट उमटली होती. काळीकुट्ट, बोटभर जाड. सिमेंटच्या गोडाऊनपासून मिक्सरपर्यंतची वाट, जी आम्ही साइटवरची सगळ्यांत वर्दळीची समजत होतो, तीसुद्धा तिच्यापुढे किरकोळ दिसत होती. बायकांच्या शेडपासून निघायची, संडासाच्या दारावरून जायची, यार्डाला वळसा घालून मागच्या बाभळींत शिरायची. रोज. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. साइटवरची सगळ्यांत मळलेली वाट, आणि आमच्या नकाशात ती नव्हतीच. प्रोग्रामने ती रोज इमानेइतबारे पुसून टाकली होती.

"मल्लव्वा, बायका इथे जातात?"

"मग कुठं जातील, बाई? बाभळी काढल्यापासनं कुठं जात्यात ते मला सांगत बी न्हाईत."

"अगं, संडास आहे की."

तिने माझ्याकडे बघितलं. "हाय की," एवढंच म्हणाली.

तेव्हा तिथेच अडकून चालणार नव्हतं, कारण मला आणखी एक गोष्ट दिसली होती. बाभळी परवा काढल्या होत्या. पाहुण्यांना साइट मोकळी दिसावी म्हणून साहेबांनी बुलडोझर फिरवला होता. आणि परवापासून ती काळी वाट बाभळींपाशी थांबत नव्हती. आडोसा गेल्यावर ती डावीकडे वळून पुढे सरकली होती, मुरमाच्या जुन्या खाणीच्या अगदी काठाकाठाने, पलीकडच्या ढिगाऱ्यामागे. बाभळींचा कचरा आणि सैल मुरूम बुलडोझरने त्याच काठावर नेऊन लोटला होता.

मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. "सिद्रामला हाक मार. दोर आणा. खाणीकडे."

धावताना मल्लव्वा माझ्यापुढे होती. साठीची बाई, अनवाणी, आणि मला गाठता येईना. मागून सिद्राम, काशिनाथ, दोन गवंडी आले. काय झालं काय झालं करत साहेबही निघाले.

काठ एका जागी ओरखडल्यासारखा तुटला होता. खाली पिवळं हेल्मेट उलटं पडलेलं. त्याच्यावर मल्लव्वाने खिळ्याने मोर कोरला होता. टोपीपासून थोड्या अंतरावर, मुरमाच्या घसरणीत कमरेपर्यंत गाडलेली रेणुका. तोंड, केस, पापण्या, सगळं धुळीने पांढरं. हालचाल नाही.

"रेणुका," मल्लव्वा ओरडली. चौथ्या मजल्याला ऐकू जाणारा तो आवाज. खालून काही आलं नाही.

सिद्राम दोराची वाट न बघता उतरला. उतरला कसला, घरंगळतच गेला. त्याच्यामागे काशिनाथ. जीभ झडायची ती झडो, पण त्या माणसाने दोन्ही हातांनी मुरूम असा उपसला की त्याची नखं निघाली. मी वर काठावर पालथी पडून दोर धरला होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती: ही मेली असेल तर सकाळपासून मेलेली आहे, आणि आम्ही प्रोजेक्टर लावत होतो.

"हाय," सिद्राम खालून ओरडला. "श्वास हाय."

शटरिंगच्या प्लायच्या फळीवर घालून तिला वर घेतलं. डावा पाय नको तसा वळलेला. मल्लव्वाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने तोंड पुसलं. साहेब गाडी आणायला स्वतः पळाले. तेवढं त्यांचं सांगायलाच हवं. पाणी लावल्यावर रेणुकाने डोळे उघडले. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग सासूकडे.

"आत्या," ती म्हणाली, "पाहुणे आले का?"

मला वाटलं, डोक्याला मार लागलाय, बरळतेय.

"न्हाई गं बाई," मल्लव्वा म्हणाली. "उद्या येनार हायत."

"मग अजून एक दिस," रेणुका म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की कमरेचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, रात्रीच करू. पोटातल्या बाळाचं आत्ता काही सांगता येत नाही. रक्त बरंच गेलंय. अजून दोन तास उशीर झाला असता तर आणलं तसंच परत न्यावं लागलं असतं, असं ते अगदी सरळ आवाजात म्हणाले. सिद्राम रक्त द्यायला गेला. मल्लव्वा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. माझ्या कपड्यांना मुरमाची माती होती.

मला खूप विचारायचं होतं. दार पांढरं, फरशी पांढरी, आरसा लावलेला, आणि सगळ्या बायका त्याच्या दारावरून पुढे जाऊन खाणीच्या काठावर बसतात. का? सवय नाही म्हणून? मी तो संडास उद्घाटनाचा नारळ फोडला तेव्हा एकदाच बघितला होता. माझी सोय ऑफिसातच होती.

"मल्लव्वा," मी सुरुवात केली, तेवढ्यात साइटचा ड्रायव्हर बसू दारात दिसला.

"मॅडम, साहेबांनी पाठवलंय."

मला वाटलं, काही लागतंय का विचारायला पाठवलं असेल. मनात म्हटलं, चला, माणुसकी आहे.

"मल्लव्वाकडनं किल्ली घेऊन ये म्हणाले," बसू चप्पल घोळवत म्हणाला. "उद्या दहाला पाहुणे येणार. त्याच्या आधी एकदा फिनेल मारून घ्यायचंय."

"कसली किल्ली?" मी विचारलं.

बसू मल्लव्वाकडे बघायला लागला. मीही बघितलं. तिचा उजवा हात कमरेशी गेला होता. सकाळी दारात होता तसाच. पेटीसमोर होता तसाच. तिने चंची काढली, गाठ सोडली आणि आतून एक किल्ली काढून तळहातावर ठेवली. नवीकोरी, पिवळी, लाल दोऱ्यात ओवलेली.

"संडासाची?" मी विचारलं.

"नारळ फोडला त्या दिवशी साहेबांनी मला दिली," मल्लव्वा किल्लीकडे बघत म्हणाली. "म्हनले, मल्लव्वा, एवढ्या मानसांत माजा तुज्यावर इस्वास. पाहुने येऊन बगून जाऊ देत, तवर एक डाग पडाय नगं. मग खुशाल वापरा. मी म्हनलं, साहेब, जीव गेला तरी देनार न्हाई कुनाला."

"आणि पाहुणे आलेच नाहीत," मी म्हणाले. सकाळी साहेबांनी मला सवयीचं सांगितलं होतं, कुलपाचं नाही.

"आज येनार, उद्या येनार. मी रोज सकाळी कुलूप पुसून ठिवायची." तिने किल्ली उलटी केली, सुलटी केली. "बाई, मला जल्मात कुनी किल्ली दिली न्हवती. माज्या घराला दारच न्हाई, पत्रा हाय. कुलूप कुठलं लावनार? बायका मागायच्या, मी शिव्या घालायची. म्हनायची, लाज न्हाई का, साहेबांना शब्द दिलाय."

"रेणुकाने मागितली होती?"

तिने किल्ली मुठीत आवळली. बसू खाली बघत होता.

"काल मागितली. आज सकाळी पुन्ना मागितली. म्हनली, आत्या, बाभळी बी काढल्या, कुठं जाऊ? पोटुशीला सारकं लागतंय, बाई. मला काय ठावं न्हाई व्हय? मी चार काढलेत." तिचा आवाज तिथे फाटला. "मी म्हनलं, आजचा दिस कळ काढ. अकराला पाहुने येतील, बारा वाजता तुलाच पैली सोडते. ती बरं म्हनली. घमेलं ठिवलं आन् गेली. मी तिची सासू, आन् मीच दिली न्हाई."

सकाळभर ती सुनेला शोधत फिरली आणि सकाळभर ती किल्ली तिच्या कमरेला होती. राग यायचा म्हणून मी प्रसिद्ध, पण त्या बाकावर मला रागसुद्धा सापडेना. मग तो आला, आणि बसूवरच आला.

"साहेबांना सांग, किल्ली मिळणार नाही. हवं तर कुलूप फोडा म्हणावं."

"नगं," मल्लव्वा म्हणाली. तिने डोळे पुसले, किल्ली चंचीत ठेवली आणि गाठ मारली. "किल्ली माज्या ताब्यात दिलीय. साहेबांना सांग, उद्या मीच येऊन उघडते."

दुसऱ्या दिवशी पाहुणे खरोखरच आले. मालक, टिळेकर सर, ट्रस्टचे दोन म्हातारे विश्वस्त. साहेबांनी गुलाबाची फुलं दिली. कालच्या घटनेबद्दल 'एक लहानसा अपघात झाला होता, बाई सुखरूप आहे' एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला. त्यांचा चेहरा मात्र रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. मी प्रोजेक्टर लावला. सर कौतुकाने बघत होते.

"हे शून्य छान आहे," ते नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "माणूस असा निर्णय कधीच घेत नाही. आपण सवयीने संडास मधे ठेवतो. मुंगीला भीडभाड नसते."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, सर," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"चला ना, दाखवते. साहेबांनी तो संडास तुमच्यासाठीच राखून ठेवलाय."

बिराजदार साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मालक उठले होते.

संडासाच्या पायरीवर मल्लव्वा बसलेली होती. अंगावर कालचंच लुगडं, मुरमाचे डाग तसेच. मी पुढे होऊन विचारलं, "ऑपरेशन?"

"झालं. डोळे उघडलेत तिनं. डाक्टर म्हनला, दोगंबी हायत." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सिद्राम बसलाय तिथं. पाय धरून बसलाय तिचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"उघड की, मल्लव्वा," साहेब हळू आवाजात म्हणाले. जवळजवळ विनवणीच ती.

तिने चंची सोडली. लाल दोऱ्यातली किल्ली कुलपात घातली. दार उघडलं. आतला थंड, कोरा वास बाहेर आला. पांढऱ्या फरशा, बेसिन, आरसा. एक डाग नाही. विश्वस्त म्हातारे "वा" म्हणाले आणि बूट काढावेत की काय अशा विचारात पायरीशी थांबले.

त्यांच्या आधी मल्लव्वा आत गेली. आत जाऊन तिने दार लावलं आणि कडी घातली.

आम्ही सगळे बाहेर. मालकांनी घसा खाकरला. आतून नळाचा आवाज आला, बादली सरकल्याचा आवाज आला. बिराजदार साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि ते त्या टोपीकडेच बघत राहिले.

तेवढ्यात मागे घमेली खाली ठेवल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरं, मग बरीच. मी वळून बघितलं. चौथ्या मजल्यावरच्या, मिक्सरजवळच्या, वाळूवरच्या, सगळ्या बायका कामं सोडून येत होत्या. कुणी घाई केली नाही, कुणी हसलं नाही. पाहुण्यांच्या शेजारून, पदर सावरत, त्या एकीमागे एक दारासमोर उभ्या राहिल्या. रांग संडासापासून शेडपर्यंत गेली, शेडला वळसा घालून यार्डाकडे गेली. काल जी वाट मी पडद्यावर काळी बघितली होती, ती आता उन्हात उभी होती.

कडी निघाली. मल्लव्वा बाहेर आली. तिने किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि पुढच्या बाईसाठी दार धरलं.

टिळेकर सर माझ्याकडे झुकले. "मॅडम, हे काय चाललंय?"

"फेऱ्या, सर," मी म्हणाले. "मोजून घ्या."